फुलोऱ्यास टांगलेल्या मिशीची हकीकत

श्री कान्होबा प्रसन्न. पृथ्वीवर मोठमोठाली राज्ये उलथली, कोणी सिंहासनापायी, कोणी भूमीपायी. रक्ताचे पाट वाहिले आणि दिल्लीची तख्ते डळमळली. तैसाच आकांत शके अठराशे चौऱ्याहत्तर, नंदन संवत्सरी, श्रावण वद्य अष्टमीस बोदलकसा तलावाकाठच्या मुलखात जाहला, तो एका करंजीपायी.

राजश्री बकाराम यांचे कुटुंब, कढईधुरंधर सुमित्राबाई, यांचा शिरस्ता ऐसा की अष्टमीस कान्होबाच्या मूर्तीवर लाकडी चौकट टांगावी आणि तिजला दोऱ्यांनी करंज्या, पापड्या, वेण्या लटकवाव्या. यास फुलोरा म्हणतात. दुसरे दिवशी विसर्जनास देव तलावात शिरल्यावाचून एकही दोरा तोडू नये. तोडिल्यास वरीसभर घरात काही धड होत नाही. त्या साली तिरोड्याच्या बाजारातून खोबरे आले, ते वर्तमानपत्रात बांधोन आले. कागदावर व्यंगचित्र होते: थोर पोटाचा एक गृहस्थ, हाती छत्री. बाईंच्या चित्ती आले की यंदा एक करंजी म्हणोन हाच मैद्याचा करावा. आणि मग त्यांनी पोटात दोन करंज्यांचे सारण भरोन, नाकाखाली जाड मिशी चिकटवोन, तो कढईत सोडिला. तेलात तो फुगला, आणि फुगता फुगता हुबेहूब केशोराव जाहला.

केशोराव म्हणजे गावचा सारा वसूल करणारे माजी मालगुजार. मालगुजारी गेल्या साली सरकारजमा जाहली. पोट, मिशी आणि छत्री तेवढी हुजुरांकडे राहिली. चार गावचे लोक फुलोरा पाहावयास लोटले, आणि नमस्कार देवास करोन पोटाकडे पाहोन हसू लागले. वार्ता हुजुरांच्या कानी गेली. मग त्यांनी कारभारी बिसराम यास फर्मान देऊन रवाना केले की, सदरहू इसम तात्काळ उतरवावा, न पेक्षा आम्ही जातीने स्वारी करू.

बिसराम ओसरीवर उभा राहोन म्हणाला, "बाई, मालकाले काऊन लटकवलं?"

सुमित्राबाई म्हणाल्या, "मी तं बारीकच लाटला होता. तेलात फुगला, तं मी का करू?"

त्यांची सासू भागीरथाबाई कोपऱ्यातून वदल्या, "केशो बी जन्मला तवा बारीकच होता. मालगुजारीत फुगला."

हा जबाब पोहोचताच केशोराव छत्री उघडोन चालोन आले. कोंबड्यांनी वाट दिली. परंतु सुमित्राबाई फुलोऱ्यापुढे लाटणे घेऊन उभ्या ठाकल्या, दोऱ्यास बोट लावो देईनात, आणि पुरावा म्हणोन त्यांनी तो कागद हजर केला. चित्राखाली छापिले होते की हा शहरातील साठेबाज. हुजुरांनी विचारिले, मग यास आमची मिशी कोठली? बिसरामाने कागद उलटा केला, तो काय नवल! मागल्या अंगास केशतेलाची जाहिरात, तीत एक पैलवान. खोबऱ्याचे तेल मुरोन त्याची मिशी बरोबर साठेबाजाच्या नाकाखाली उमटली होती, आणि बाईंनी ती इमानेइतबारे तळिली होती.

येणेप्रमाणे केशोराव निर्दोष ठरले.

"हे मालक नोहोत का? चला मंग," ऐसे म्हणोन लोक पांगू लागले. हुजुरांचा चेहरा उतरला. मालगुजारी गेल्यापासोन त्यांच्या दारी कुत्रे फिरकले नव्हते, आणि आज चार गावे लोटली होती. मग त्यांनी छत्री मिटोन, खाकरोन हुकूम फर्माविला की, मिशी आमचीच आहे, पोटही आमचेच आहे, बाईंनी दोरा राखावा आणि लोकांनी माघारी येऊन पाहावे. लोक आले. भागीरथाबाईंनी हुजुरांस बसावयास पाट दिला.

दुसरे दिवशी फुलोऱ्यासकट मिरवत काठी येऊन देव तलावात गेले. दोरा एकही तुटला नाही, सुमित्राबाईंची फत्ते जाहली आणि केशोरावांची अब्रू पुनश्च गावात दाखल जाहली, हे कलम कायम केले असे.

मग काठावर फुलोरा उतरवोन प्रसाद वाटू लागले, तेव्हा हुजूर बाईंच्या जवळ सरकोन हळूच म्हणाले, "बाई, पोटाचा तुकडा मले ठेवजा. सारण तेवढं तिथंच हाये."