पितरांसाठी पाच सेंटीमीटर

मला फसवणारा माणूस अजून जन्माला यायचाय! ब्याऐंशी वर्षांत मी डॉक्टरांना फसवलंय, देवळातल्या भिक्षूंना फसवलंय, आणि एकदा तर हवामान खात्याच्या माणसाला माझ्या गुडघ्यावर विसंबून छत्री घ्यायला लावलीये. मग घराच्या फटी मोजायला येणारा एक माणूस म्हणजे काय हो? सकाळच्या भाताबरोबरचं लोणचं!

तर झालं असं. आमच्या हिदेतोने, म्हणजे माझ्या मुलाने, समुद्रापासून जरा वर, टेकडीवर नवं घर बांधलं. आता सरकारी कायदाच आहे की नवं घर बांधायचं तर ते ऊब राखणारं हवं, वीज कमी खाणारं हवं, आणि ते कागदावर सिद्ध करायला हवं. ते कागद झाले. पण आमच्या बांधकाम कंपनीचा त्यावर आणखी एक स्वतःचा नियम. घर हवाबंद आहे की नाही ते यंत्र लावून मोजायचं, आणि त्यात पास झाल्याशिवाय किल्ली द्यायची नाही! घरभरच्या सगळ्या फटी, चिरा, भेगा एका जागी गोळा केल्या तर त्यांचं मिळून तळहाताएवढंसुद्धा भोक होता कामा नये. इतकं घट्ट घर! दार लावलं की कानाला दडे बसायचे. माशी चुकून आत शिरली तर तिला बाहेर पडायला अर्ज करावा लागला असता.

सगळे खूश. मी सोडून.

कारण तेरा ऑगस्टला बोन, आमचं पितरांचं तीन दिवसांचं पर्व, सुरू होणार होतं, आणि बोनला आमचे हे, तोमेझो, घरी येतात. चार वर्षांपूर्वी गेले. दरवर्षी येतात. जुन्या घरात प्रश्नच नव्हता. तिथे भिंतीतून वाराच काय, शेजारची मांजरसुद्धा ये-जा करायची. मागचं वर्ष आम्ही भाड्याच्या जागेत काढलं, चौथ्या मजल्यावर, आणि ते आलेच नाहीत. तीन दिवस देव्हाऱ्यापुढे, त्यांना यायला घोडा म्हणून मांडलेली काकडी तशीच, परत जायला गाय म्हणून मांडलेलं वांगं तसंच. मला कळतं हो. आलेला माणूस आणि न आलेला माणूस, पाठमोरं बसूनही कळतं. एक वर्ष चुकलं ते चुकलं. दुसऱ्या वर्षीही दार सापडलं नाही तर माणूस वाट विसरतो.

आणि आता हे घर. माशी शिरत नाही तिथे तोमेझो शिरणार कुठून?

मी कुणाला काही बोलले नाही. पितरांचा देव्हारा जुना, अवजड, म्हणून सुतारांनी चौकट बसवायच्या आधीच तो त्याच्या कोनाड्यात नेऊन ठेवला होता. जेवण झालं की सुतार अर्धा तास आडवे होतात, तोंडावर टॉवेल टाकून. त्या अर्ध्या तासात मी त्यांचं भोक पाडायचं यंत्र उचललं. छप्पन्न वर्षं समुद्रावर स्क्विड वाळत घातलेत, हातात ताकद काय कमी आहे! देव्हाऱ्याची मागची फळी, मग भिंत, मग तो पिवळा कापूस, मग बाहेरचा पत्रा. मुळा चिरावा तशी चिरली! त्यात यांच्या होडीवरच्या निशाणाची बांबूची काठी, आतून पोकळ केलेली, पाच सेंटीमीटर जाड, बरोब्बर बसवली. बाहेरचं तोंड हायड्रेंजियाच्या झुडपामागे, आतलं तोंड यांच्या नावाच्या पाटीमागे. सुतार घोरतच होते. एक जण झोपेत म्हणाला, “वहिनी, जरा हळू.” एवढंच.

चाचणीच्या दिवसापुरतं भोक बुजवायला यांचाच एक जुना मोजा बांबूत कोंबला. अंगठा वेगळा असलेला, पांढरा. झालं! फसवायचं काम संपलं!

दहा तारखेला सकाळी यामासे आलेलं होतं. आमच्याकडे भर उन्हाळ्यातसुद्धा समुद्रावरून गार धुकं चढतं, तसं. पण त्या दिवशी जरा जास्तच. खिडकीबाहेर नुसतं दूध. वारा शून्य. सकाळचे दहा वाजलेले आणि घरात दिवे लावलेले. फाटकाशी पावलं वाजली, माणूस दिसेना. मग धुक्यातून आधी एक पेटी आली, मग पेटी धरलेला हात, आणि मग सगळ्यात शेवटी नुकाझावा.

चाळिशीचा, काटकुळा, कुजबुजल्यासारखं बोलणारा. “तपासनीस नुकाझावा. वारा नाही. मोजायला उत्तम दिवस.”

“चहा?” माझी सून मिझुहो म्हणाली.

“नंतर. आता मी सांगेपर्यंत कुणी दार उघडायचं नाही. आपण तिघं आत. घर बंद.”

त्याने ते ज्या सुरात म्हटलं ना, माझ्या मानेवरचे केस उभे राहिले!

बैठकीच्या खिडकीत त्याने एक जाडजूड नळी बसवली, तिच्या टोकाला पंखा. तो पंखा घरातली हवा बाहेर ओढतो, आणि मग जिथे जिथे फट असेल तिथून बाहेरची हवा आत घुसते. पंखा सुरू झाला. घराने श्वास आत घेतला. खरं सांगते, भिंती आक्रसल्यासारख्या वाटल्या! शौचालयाचं दार आपोआप करकरत दोन बोटं उघडलं.

“हे नेहमीचं,” नुकाझावा म्हणाला.

आणि मग आवाज आला.

पितरांच्या खोलीतून. खोल, लांब, भरलेल्या नाकाचा. हूँऽऽऽ... मग थांबला. मग पुन्हा. हूँऽऽऽ...

मिझुहोचा चेहरा तांदळाच्या पिठासारखा झाला. “आई... हे तर बाबांचं घोरणं!”

तिचं चुकलं नव्हतं. सत्तावन्न वर्षं ज्याच्या शेजारी झोपले त्याचं घोरणं मी नाही ओळखणार? बांबू आहे, मोजा आहे, बाहेरची हवा आहे, सगळं मला ठाऊक होतं. मीच केलेलं होतं! तरी मी हात जोडले. कारण बांबूला काय माहीत, ते मध्येच घोट गिळायचे ते?

“हे नेहमीचं नाही,” नुकाझावा म्हणाला, आणि हातात धूर निघणारी छोटी कांडी घेऊन निघाला. फट जिथे असेल तिथे धूर हलतो. दरवाजांशी धूर सरळ. खिडक्यांशी सरळ. पितरांच्या खोलीच्या उंबऱ्यावर धूर आडवा झाला, आमच्या अंगावर आला.

आम्ही तिघं एकामागे एक आत शिरलो. देव्हाऱ्याची काळी दारं बंद होती. आमच्या डोळ्यांदेखत ती हळूच उघडली. आधी डावं. मग उजवं. आत अंधार, सोनेरी पाटी, आणि त्या पाटीमागून...

पाऊल आलं!

पांढरं, फुगलेलं, अंगठा वेगळा. आधी अंगठा बाहेर डोकावला, मग बाकीची बोटं, मग चवडा. पाटीला हलकेच बाजूला सारून पाऊल आमच्या दिशेने वाढत चाललं. थरथरत, चाचपडत, जसं कुणी अंधारात पायरी शोधतंय!

मिझुहो किंचाळली. नुकाझावा किंचाळला नाही, पण त्याच्या हातातल्या फलकावरची पेन्सिल आपोआप चालत होती. नंतर मी पाहिलं, त्याने लिहिलं होतं, “पाऊल, एक, डावं.”

आता इथे मी गप्प बसायला हवं होतं. किंवा खरं सांगायला हवं होतं. पण तोंडाशी आलेली अशी गोष्ट सोडवते का हो कुणाला?

“अहो, आलात?” मी देव्हाऱ्यापुढे गुडघे टेकले. “तीन दिवस आधीच? कायमची घाई तुम्हाला! सूनबाई, घाबरू नकोस गं. रागावलेत ते. जिवंतपणी कंबर मोजू दिली नाही शिंप्याला, आता त्यांचं घर मोजताय म्हटल्यावर पाय बाहेर काढणारच!”

नुकाझावा तीनदा वाकला. मग मागे मागे जात त्याने पंखा बंद केला. मोजा फुस्सकन खाली बसला, आणि घरात अशी शांतता पसरली की धुकं पत्र्यावरून ठिबकताना ऐकू यायला लागलं.

“मी आकड्यांवर विश्वास ठेवणारा माणूस आहे,” तो कुजबुजला, नळी गुंडाळता गुंडाळता. “पण आत कुणी... नोंद नसलेलं असेल, तर आकडा बरोबर येत नाही. सप्टेंबरअखेर पुन्हा येतो.”

“सप्टेंबर? आणि किल्ली?”

“चाचणीशिवाय किल्ली नाही, आजी.”

तिकडे मिझुहो फोनवर. “हिदेतो, मी या घरात एक रात्र काढणार नाही! आत्ताच्या आत्ता देवळात फोन करा. देव्हारा तिकडेच ठेवू द्या. कायमचा! हो, कायमचा! बाबा तिकडे जाऊ देत घोरायला!”

 किल्ली गेली, बोन गेलं, आणि आता देव्हाराच देवळात, चारशे परक्या पाट्यांच्या रांगेत. त्या गर्दीत तोमेझोला कोण हाक मारणार? त्यांना तर बाजारातसुद्धा माझी बाही धरल्याशिवाय वाट सापडायची नाही.

मी उठले, देव्हाऱ्यात हात घातला आणि पाऊल खेचून काढलं.

“मोजा आहे,” मी म्हटलं. “यांचा आहे, पण मोजा आहे. भोक मी पाडलंय.”

मिझुहोच्या हातातून फोन पडला. फोनमधून हिदेतोचा बारीक आवाज, “काय? आईने काय पाडलं?”

आम्ही झुडपामागे गेलो. नुकाझावा ओल्या मातीत गुडघ्यांवर बसला, बांबूत बोट घालून बघितलं, मग मोजपट्टी काढली. “पाच सेंटीमीटर,” तो म्हणाला. “आजी, का?”

“का म्हणजे? तुम्ही लोकांनी मुंगीची वाट ठेवली नाहीत. मागच्या वर्षी चौथ्या मजल्यावर ते आले नाहीत. यंदाही आले नाहीत तर विसरतील हो मला!”

मिझुहो रागावली होती. कडकडून रागावली होती. तरी मोजा माझ्या हातातून घेतला, चिखल झटकला आणि नीट घडी घातली.

नुकाझावा उठला, आत गेला, आणि पितरांच्या खोलीच्या भिंतीवर वर चिकटवलेली एक रुंद पट्टी त्याने टर्रकन ओढली. खाली एक गोल पांढरं झाकण. त्याने ते फिरवलं. थंडगार धुक्याचा वास आत आला.

“हे काय?”

“हवा आत यायचं भोक. कायद्याने. प्रत्येक राहत्या खोलीत. घर जितकं घट्ट, तितकं हे जरुरी. दर दोन तासांनी घरातली सगळी हवा बदललीच पाहिजे. चाचणीपुरतं आम्ही पट्टी लावून बंद करतो.”

मी त्या भोकाकडे बघतच राहिले. दहा सेंटीमीटर! माझ्या भोकाच्या दुप्पट! आणि असली सहा, सरकारच्या हुकमाने, चोवीस तास उघडी!

“पण आत जाळी दिसतेय.”

“परागकण अडवायला.”

“आणि माणूस?”

नुकाझावाने खिशातून माहितीपत्रक काढलं. पुढून मागे, मागून पुढे चाळलं. “माणसांबद्दल कंपनीने काहीच लिहिलेलं नाही,” तो अगदी गंभीरपणे म्हणाला.

मग त्याने स्वतःच बांबू काढून दिला, भोकात फटी बुजवायचा फेस भरला, तो सुकला, पट्ट्या परत लावल्या आणि पंखा पुन्हा सुरू केला. आकडा बघितला. तळहाताच्या निम्मं. पास! मिझुहोने टाळी वाजवली.

आणि पितरांच्या खोलीतून, एकदाच, हळूच आवाज आला. हूँऽऽऽ...

बांबू माझ्या मांडीवर होता.

नुकाझावाने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे. त्याने पेन्सिल कानामागे खोचली आणि म्हणाला, “आता चहा घेईन.”

तेराला दिवस मावळायच्या सुमाराला आम्ही दारात यांच्यासाठी स्वागताचा विस्तव पेटवला. वारा नव्हता, तरी धूर सरळ घराकडे गेला. तीन दिवस मी देव्हाऱ्यापुढे, त्या गोल झाकणाखाली ठाण मांडून बसले. मान अवघडली. काही नाही! काकडी तशीच, वांगं तसंच. सोळाला आम्ही निरोपाचा विस्तव पेटवला.

सप्टेंबरात मिझुहोने जाळ्या धुवायला काढल्या. सहाही ओळीने अंगणात मांडल्या आणि मला हाक मारली. “आई, जरा इकडे या.”

पितरांच्या खोलीतली जाळी बर्फासारखी पांढरी. झोपायच्या खोल्यांतल्या पांढऱ्या. बैठकीतली पांढरी. सहावी, फ्रिजच्या वरची, तिच्या मधोमध तंबाखूचा पिवळा डाग, दोन बोटांएवढा. यांच्या बोटांना होता अगदी तसाच. आमच्या घरात कुणी विडी ओढत नाही.

“विस्तवाचा धूर असेल,” मिझुहो म्हणाली, पण बाकीच्या पाच जाळ्यांकडे तिने बघायचं टाळलं.

मी मात्र कपाळावर हात मारला. मी इथे तीन दिवस देव्हाऱ्याशी डोळे लावून बसलेय, आणि हा माणूस गुपचूप स्वयंपाकघरातून शिरला, फ्रिजवरची साके दारूची बाटली गाठली आणि तस्सा परत गेला! बाटली तर चार बोटं कमी झालेली मी स्वतः पाहिली. पुरावाच तो!

म्हणजे, दोन बोटं. पहिली दोन मी घेतली होती. वाट बघून बघून घसा सुकतो हो माणसाचा.