चौदा तोळ्यांच्या काठीची हकीकत

श्रीवरुण प्रसन्न. ज्याने दर्यास मर्यादा घातली, वाऱ्यास दिशा दिली आणि वेळूच्या अंगी वाकून पुन्हा सरळ होण्याचा गुण ठेविला, त्यास नमन असो. ऐकणारांनी विडा तोंडी धरून स्वस्थ बसावे. घडले ते घडल्या क्रमाने सांगितले आहे, पदरचे काही घातले नाही.

शके पंधराशे एकुणनव्वद, प्लवंग नाम संवत्सर, श्रावण वद्य पंचमी. दर्याकाठी एक राज्य होते, त्याचे नाव लिहिण्याचे प्रयोजन नाही. त्या राज्यात चाल ऐसी की, नारळी पौर्णिमा जाहली म्हणजे गादीवर जो असेल त्याने कमरेइतक्या पाण्यात उभे राहावे, आणि पिसांचे आमिष बांधलेली दोरी वेळूच्या काठीने तिसऱ्या लाटेपलीकडे टाकून एक रावस स्वहस्ते काठास आणावा, आणि तो मासा वाळूस लागला म्हणजे मग कोळ्यांनी होड्या लोटाव्या. तोवर एकही होडी पाण्यात जाऊ नये. महाराज तरुण होते तेव्हा पहिल्याच दिवशी दोन घटकांत रावस आणीत, आणि लोक घरी जाऊन जेवीत. परंतु सहा वर्षांमागे महाराज घोड्यावरून पडले, उजवा खांदा निखळला, वैद्यांनी बसविला, आणि तो बसला तरी पूर्वीचा जोर त्यात आला नाही. ही गोष्ट सर्वांस ठाऊक होती आणि कोणी बोलत नसे. गेल्या साली रावस येण्यास बावीस दिवस लागले, आणि कोळीवाड्यात सुके बोंबील सरले, आणि लोकांनी नाचणीची पेज पिऊन दिवस काढिले. यंदा पाच दिवस जाहले, तरी दोरी दुसऱ्या लाटेतच पडे आणि लाट तिचे वेटोळे करून महाराजांच्या पायांशी आणून टाकी. तेव्हा धाकू तांडेल, होड्यांचा म्होरक्या, वय सत्तरीचे, सदरेवर आला आणि मुजरा करून बोलिला की, अमावास्येपावेतो थांबतो, त्याउपरी मुलांच्या पोटाकडे पाहून होड्या लोटणे भाग आहे, महाराजांनी राग मानू नये. महाराजांनी राग मानिला नाही. परंतु ज्याच्या वेळेस ही चाल मोडेल त्याने गादी सोडावी, ऐसा त्या राज्याचा जुना नेम होता. अमावास्येस दहा दिवस उरले होते.

जैसा तलवारींचा शिलेखाना असतो, तैसा त्या राज्यात काठ्यांचा काठीखाना होता, आणि त्याचा कारभार म्हाळसाबाई म्हणून एक बाई पाहत असत. त्यांचे वडील आधी तेथे दरोगा होते, आणि त्यांजपासून काठीची पारख बाईंकडे आली. बोलणे थोडे, तराजू नेहमी जवळ, आणि कमरेस गुंजांची पिशवी. कोणी विचारिले की ही काठी कैसी, तर बाई ‘चांगली’ अथवा ‘वाईट’ म्हणत नसत, ‘किती’ ते सांगत. त्यांस दिवाण विसाजी अनंत यांनी सदरेवर बोलाविले आणि हुकूम केला की, जुनी काठी नरम पडली, याकरिता दोरी पोहोचत नाही, तरी नवी आणि अधिक ताठ काठी पाच दिवसांत सिद्ध करावी. कारागिरांकडून तीन कोऱ्या काठ्या आल्याच होत्या. कोरी म्हणजे जीस अद्याप मूठ नाही, दोरी ओवण्याच्या कड्या नाहीत, दोरीचे चाक नाही, नुसते वेळूच्या सहा सहा पट्ट्या सरसाने जोडून केलेले साडेसहा हात लांब अंग. ती तिन्ही अंगे सदरेवर आली, आणि मग दिवाणजींनी एक उचलून हवेत सपसप हलविली, आणि मान डोलविली, आणि ती फडणीसांकडे दिली, आणि फडणीसांनी हलविली, आणि सरदारांनी हलविली, आणि पानसुपारी घेऊन आलेल्या हुजऱ्याच्याही हाती गेली तेव्हा त्यानेही हलविली. सर्वांचे मत एक पडले की सर्वांत ताठ ती पहिली, म्हणोन तीच राजाच्या हातास शोभेल. बाई उभ्या होत्या. त्यांनी इतकेच विचारिले की, दोरी न बांधता काठी हलविली तर ती कोणास काय सांगणार. दिवाणजी हसले आणि म्हणाले, "बाई, बांबूच तो. तुम्ही त्यास बोलके कराल, आमच्याशी तो बोलत नाही."

मग बाई काठ्या घेऊन काठीखान्यात गेल्या. येथे ऐकणारांस सांगणे प्राप्त आहे की, गळास शिसे बांधून टाकणारास काठी कैसीही चालते, कारण शिसेच दोरीस ओढून नेते. पिसांच्या आमिषास वजन नाही. तेथे दोरीच मागे जाऊन आपल्या वजनाने काठीस वाकविते, आणि काठी सरळ होता होता दोरीस पुढे नेते. याकरिता काठी दोरीस जुळावी लागते, आणि दोघी मिळून हातास. बाईंनी पहिली काठी भिंतीतील खुंटीस आडवी पक्की केली, टोकास रेशमाचा फास दिला, आणि त्यात एकेक तोळा टाकीत गेल्या, तो टोक काठीच्या तृतीयांश लांबीइतके खाली उतरेपर्यंत. पहिलीस वीस तोळे लागले. दुसरीस नऊ. तिसरीस चौदा. मग प्रत्येकीचे टोक खाली ओढून सोडिले, आणि ती किती वेळ थरथरते ते मोजिले. दुसरी काठी हातास लोण्यासारखी लागे, परंतु सुटल्यावर एकवीस वेळा डोलली. ऐसी काठी वाऱ्यात दोरीस वळणे पाडिते, दोरी सरळ जात नाही. पहिली सात वेळा. तिसरी फक्त पाच वेळा थरथरली आणि उभी राहिली, आणि बाईंनी आपली मोजणी चुकली असे समजून तीन वेळा पुन्हा सोडिली, तिन्ही वेळा पाचच. तिचे शेंड्याचे अंग देत होते, मधले धरून होते, आणि मुठीकडचे हलत नव्हते. बाई फारशा हसत नसत, परंतु त्या दिवशी काठीखान्यातील लोकांनी त्यांस हसताना पाहिले ऐसे सांगतात. मग त्यांनी काठी बोटावर दाबून फिरविली आणि ती आपोआप ज्या बाजूस ठरली तेथे शाईची रेघ ओढिली, कारण कड्या त्या रेघेवर न बसविल्या तर काठी दर फेकीस किंचित कलते. बसविण्यास शिंगाच्या कड्या काढून ठेविल्या, कारण लोखंडास खारे पाणी एका महिन्यात खाते, आणि लाखेचे तीन हात देण्यास सांगितले.

त्याउपरी दोरी जुळविण्याकरिता बाईंनी दप्तर उघडिले. दप्तरात प्रत्येक सालास एक ओळ, आणि ओळीत महाराजांच्या हातास किती तोळ्यांची काठी पेलते त्याचा रकाना. राज्याभिषेकाच्या साली वडिलांच्या अक्षरात ‘वीस तोळे’ लिहिले होते. त्याखाली दुसऱ्या साली ‘सदरहूप्रमाणे’. तिसऱ्या साली ‘सदरहूप्रमाणे’. ऐशा एकतीस ओळी. बावीस वडिलांच्या, आणि शेवटल्या नऊ बाईंच्या स्वतःच्या अक्षरात. बाईंनी काठ्या वर्षानुवर्षे तोळून पाहिल्या, दोऱ्या तोळल्या, लाख किती सुकते तेही तोळले, आणि हात मात्र एकतीस वर्षांत कोणी तोळला नव्हता, कारण राजाचा हात तोळण्याची त्या राज्यात रीत नव्हती. नऊ ओळी त्यांनी डोळे मिटून लिहिल्या होत्या, आणि कोळीवाड्याने गेल्या साली जी पेज प्याली ती त्या ओळींपायी, हे त्यांस समजले. मग त्यांनी दप्तर काखेस मारिले आणि महाराजांकडे गेल्या.

महाराज गच्चीवर एकटेच होते, आणि उजवा हात डाव्या हाताने धरून दर्याकडे पाहत होते. बाईंनी विनंती केली की, तीन काठ्यांची परीक्षा करणे आहे, आणि फेकणारा हात महाराजांचाच हवा. तात्पुरती मूठ मेणदोऱ्याने बांधिली, कड्याही तैशाच, प्रत्येक काठीस तिच्या तोळ्यांस जुळणारी दोरी दिली, आणि टोकास गळाऐवजी लोकरीचा गोंडा. पस्तीस हातांवर बाईंनी चुन्याची रेघ ओढिली. मग महाराज पहिल्या काठीने फेकू लागले. पहिल्या सहा फेकी रेघ ओलांडून गेल्या, आणि सातवी रेघेवर पडली, आणि नववीस दोरी महाराजांच्या पागोट्यावर पडली. बाईंनी गोंडा सोडविला आणि लिहून घेतले. दुसरीने दोरी गेली परंतु वाकडी गेली. मग तिसरी. दहा फेकी, वीस, तीस, चाळीस, आणि दर फेकीस दोरी रेघेपलीकडे जाऊन हलकेच उलगडे. चाळीस जाहल्या तरी महाराज थांबेनात, बाईंनीच थांबा म्हटले. महाराजांच्या कपाळावर घाम होता आणि चेहरा वेगळा दिसत होता. त्यांनी विचारिले, "काय लिहिलेत, बाई?"

"काठीचे लिहिले, महाराज."

"आणि हाताचे?"

बाईंनी दप्तर पुढे ठेविले. "हाताचे एकतीस वर्षे सदरहूप्रमाणे आहे. शेवटल्या नऊ ओळी माझ्या. मी न पाहता लिहिल्या. चूक माझी आहे."

महाराजांनी ओळी वाचिल्या. मग म्हणाले, "तुम्ही न पाहता लिहिल्या, आम्ही पाहून गप्प राहिलो. आता खरी ओळ लिहा." बाईंनी ‘चौदा तोळे’ लिहिले, आणि महाराजांनी त्यावर शिक्का केला.

परंतु त्या राज्यात दुसरीही चाल होती. महाराज पाण्यात उतरण्याआधी चोपदाराने काठी किती तोळ्यांची ते सर्व लोकांसमोर मोठ्याने पुकारावे, आणि एकतीस वर्षे लोक ‘वीस तोळे’ ऐकत आले होते. दिवाणजींस ही गोष्ट कळली तेव्हा ते धावत काठीखान्यात आले. माणूस वाईट नव्हता, धन्याची अब्रू त्यास प्राणासारखी होती. त्यांनी बाईंस एकीकडे नेऊन सांगितले की, काठी चौदाचीच द्या, पुकारू मात्र वीस, पाहून कोणास कळते. बाईंनी हातातली लाख खाली ठेविली आणि उत्तर दिले, "दिवाणजी, आजचा मासा खोट्या आकड्यावरही येईल. परंतु पुढे माझ्या जागी जो बसेल तो आकडा वाचून काठी निवडील, आणि महाराजांच्या हाती पुन्हा वीसची देईल. आम्ही हेच तर नऊ वर्षे केले." दिवाणजी म्हणाले की लोक हसतील. बाई म्हणाल्या, हसतील की नाही ते मोजलेले नाही. मग दिवाणजी महाराजांकडे गेले, आणि महाराजांनी सांगितले की जे दप्तरात तेच पुकारावे, आणि दिवाणजी त्या दिवशी जेवले नाहीत.

श्रावण वद्य दशमीस लाख सुकली, आणि एकादशीस सकाळी ओहोटी सरून भरती लागताच महाराज किनाऱ्यास आले. सारा कोळीवाडा वाळूवर उभा होता, होड्या ओळीने लावलेल्या, वल्ही आत ठेविलेली. वारा समोरून होता. चोपदाराने दंड आपटला. त्याने पुकारिले, "काठी, चौदा तोळे." दिवाणजींनी डोळे मिटून घेतले. म्हाळसाबाई दोरीची परडी कमरेस बांधून देण्यास महाराजांजवळ उभ्या होत्या, त्यांच्या बोटांस गाठ सापडेना, आणि हे त्यांस आयुष्यात प्रथमच जाहले. तेव्हा धाकू तांडेल गर्दीतून दोन पावले पुढे आला, काठीकडे नीट पाहिले, आणि बोलिला, "महाराज, माझं वल्हं मी तीन सालांमागंच तासून घेतलंय. घरात सांगितलं, वाळवीनं खाल्लं." मागून त्याची म्हातारी म्हणाली, "वाळवीला नाव ठेवता, आन् रात्री खांद्याला तेल मलाच चोळाय लावता." तेव्हा किनारा हसला, महाराज हसले, आणि गाठ बसली.

मग महाराज कमरेइतक्या पाण्यात गेले. पहिली फेक दुसऱ्या लाटेवर पडली. महाराजांनी दोरी परडीत ओढून घेतली, मागे टाकिली, ती पूर्ण उलगडेपर्यंत थांबले, जैसे गच्चीवर थांबत तैसे, आणि मग पुढे टाकिली, आणि काठी मधोमध वाकून सरळ जाहली आणि पाच थरथरींत उभी राहिली, आणि दोरी पहिल्या लाटेवरून, दुसऱ्या लाटेवरून, तिसरीच्या फेसापलीकडे जाऊन उतरली. रावस लगेच आला नाही. बावीस फेकी जाहल्या. तेविसावीस दोरी आडवी पळाली, आणि महाराजांनी काठी उचलिली, आणि माशाने चाकावरची दोरी सर्व नेली, आणि लाटेने महाराजांस गुडघ्यावर आणिले, आणि ते उठले. एक घटका गेली. मग हातभर लांबीचा रावस फेसातून चांदीसारखा चमकत वाळूस लागला, आणि महाराज त्याच्या शेजारीच बसले, कारण उभे राहण्याचे बळ उरले नव्हते. होड्या लोटण्यास कोणी हुकूम दिला नाही. त्या आपोआपच गेल्या, आणि पहिल्या होडीत धाकू तांडेल होता.

येणेप्रमाणे ही हकीकत. त्या सालापासून त्या राज्यात काठीआधी हात तोळितात. महाराज पुढे चौदा वर्षे गादीवर होते. त्यांच्या ओळी दप्तरात आहेत, सर्व म्हाळसाबाईंच्या अक्षरात: चौदा, चौदा, साडेतेरा, तेरा, बारा, ऐशा उतरत गेल्या, आणि चोपदाराने प्रत्येक साली आकडा जैसा तैसा पुकारिला. शेवटली ओळ सात तोळ्यांची आहे, आणि तिच्यापुढे लिहिले आहे की पहिल्याच दिवशी रावस आला, होड्या गेल्या. लेखनसीमा.