हीटरमधला जादा भाग

घड्याळजींनी बुधवारी सकाळी चहा पिता पिता जाहीर करून टाकलं, की येत्या रविवारी आई ट्रकमध्ये बसून मावशीकडे जाणार. आणि नुसती जाणार नाही, ट्रकच्या मूळ हीटरवर पाय शेकत जाणार! बायकोने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि ती त्यांचा शर्ट इस्त्री करायला आत गेली.

घोषणा साधी नव्हती. आई आणि मावशी, सख्ख्या बहिणी, एकतीस वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. मावशी आठ दिवस राहून गेली तेव्हा घरातली कुठलीशी वस्तू नाहीशी झाली होती. कुठली, ते आई कधी सांगत नसे. "काय नेलं ते तिला माहीत आहे," एवढं म्हणून ती तोंड फिरवायची. आता मावशी पुढच्या महिन्यात मुलाकडे परदेशी निघाली होती, ती कायमची. दोघींची वयं पाहता ही शेवटची संधी होती, आणि आपण असताना ती हुकावी हे घड्याळजींच्या जिवाला लागलं होतं.

फार मनधरणी केल्यावर आईने अट घातली. जाईन तर ह्यांच्या ट्रकमधूनच जाईन. डोंगरावर थंडी असते, माझे पाय गारठतात, तेव्हा हीटर त्यांच्या वेळेसारखा चालला पाहिजे. बाबांना जाऊन बारा वर्षं झाली होती आणि हीटर त्याच्याही आधीपासून मुका होता. आईने अट अगदी विचार करून घातली होती.

ट्रक बाबांचा. त्यात गेल्या वर्षी मेहुण्याने नवीन इंजिन बसवलं होतं. मेहुणा गॅरेजवाला, हात चांगला, पण घाईचा माणूस. तो म्हणाला, बाजारात विजेवरचा हीटर मिळतो, पंधरा मिनिटांत लावून देतो. घड्याळजींना ते अपमानासारखं वाटलं. चाळीस वर्षं ज्याने दुसऱ्यांची घड्याळं मूळच्यासारखी करून दिली, त्याने आपल्या बापाच्या ट्रकमध्ये उपरा हीटर लावायचा?

हीटर म्हणजे पायांपाशी बसवलेला एक पत्र्याचा डबा. त्याला पुढे दोन छोटी दारं, आत एक जाळी आणि पंखा. इंजिनातलं गरम पाणी जाळीतून फिरायचं आणि पंखा तिची ऊब दारांतून पायांवर सोडायचा. घड्याळजींनी डबा उतरवून टेबलावर घेतला, डोळ्याला भिंग लावलं आणि एकेक स्क्रू काढून क्रमाने बशीत ठेवला. दारांच्या अगदी मागे त्यांना एक लोखंडाचा जाडजूड तुकडा सापडला. तळ सपाट, एका बाजूला निमुळता, वर दोन भोकं.

"हे काय?" मेहुण्याने विचारलं.

घड्याळजींनी तो तुकडा तळहातावर तोलला. घड्याळात कुठलाही भाग उगीच नसतो, हे त्यांचं आयुष्यभराचं ब्रीद होतं. उघडल्यावर जे निघालं ते सगळं परत आत गेलं पाहिजे. थोडा वेळ विचार करून ते म्हणाले, "ऊब धरून ठेवायचा भाग आहे. टोक बघ, हवा दोन्ही बाजूंनी फाटून जावी म्हणून केलंय. जुन्या लोकांची अक्कलच वेगळी!"

मेहुण्यालाही ते पटलं. घड्याळजींनी तुकडा घासला, काळा रंग दिला आणि त्या दोन भोकांतून नवे बोल्ट घालून जागच्या जागी पक्का आवळला. हा नुसताच ठेवलेला कसा होता याचं त्यांना नवल वाटलं. बाबांकडून बोल्ट हरवले असतील, असं म्हणून त्यांनी बाबांना मनोमन माफ केलं.

गुरुवारी नळ्या जोडल्या. जुन्या नळीचं तोंड लहान, नव्या इंजिनाचं मोठं, त्यात दुपार गेली. मग पंखा सुरू केला. पंखा सहा व्होल्टचा होता आणि नव्या इंजिनाची बॅटरी बारा व्होल्टची. तो असा काही सुटला की उंदरांनी वीस वर्षं जमवलेला संसार फटींतून उडून मेहुण्याच्या मिशांत जाऊन बसला. पंख्याचा वेग आटोक्यात आणायला शुक्रवार उजाडला. एवढं सगळं झालं आणि हीटर मात्र गारच. दारांशी हात धरला तर कोणीतरी लांबून फुंकर घातल्यासारखं वाटायचं.

इथे दोघांचं बिनसलं. घड्याळजी म्हणाले, तुझं हे नवं इंजिन तापतच नाही. मेहुणा म्हणाला, दाजी, इंजिन तापू नये म्हणूनच तर नवं घेतलं. घड्याळजी ऐकेनात. मग केवळ त्यांचं समाधान व्हावं म्हणून मेहुण्याने रेडिएटरपुढे पुठ्ठा लावला आणि इंजिन चालू ठेवून दोघे वाद घालायला ओट्यावर बसले. वाद रंगला. इंजिनही तापलं. रेडिएटरचं झाकण उडालं आणि हिरव्या पाण्याचा फवारा थेट दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर गेला.

बायको बाहेर आली. तिने सहा पांढरे शर्ट हिरवे झालेले पाहिले. "अहो, हे आता तुम्ही धुवायचे," ती शांतपणे म्हणाली, "आणि इस्त्रीसुद्धा तुम्हीच करायची." घड्याळजींनी मान हलवली. इस्त्री कशी धरतात हेही त्यांना ठाऊक नव्हतं, पण ते सांगायची ही वेळ नव्हती.

शनिवारी दुपारी आई काठी टेकत स्वतःच ट्रक उभा होता त्या छपराखाली आली. हीटर झाला नाही असं कळलं असतं तर तिला बरंच वाटलं असतं. इंजिन आणि पंखा चालूच होते. तिला आधार देऊन ट्रकमध्ये बसवलं. तिने वाकून हीटरचं दार उघडलं आणि तशीच वाकून राहिली. घड्याळजींना वाटलं, कंबर धरली.

"अरे," आई म्हणाली, "ही माझी इस्त्री आहे."

आईने बोट आत घालून टोकाला पडलेला टवका चाचपला. तिच्या आईने दिलेली, स्टोव्हवर तापवायची भरीव इस्त्री. टवका तिच्याच हातून पडला होता. फक्त वरची मूठ काढून टाकलेली होती; ती दोन भोकं तिचीच.

मग तिला एकेक आठवत गेलं. तिला कुठे न्यायचं असलं की ट्रक तापवून ठेवतो म्हणून बाबा अर्धा तास आधी उठायचे आणि जाताना स्वयंपाकघरातून जायचे. म्हणजे स्टोव्हवर तापवलेली इस्त्रीच ते डब्यात ठेवत होते. ऊबही पहिला तासभरच यायची. हीटर कधी चाललाच नव्हता, आणि हौसेने घेतलेल्या ट्रकचा हीटर बंद आहे हे बायकोला सांगायचा त्यांना धीर झाला नाही. दोन बहिणींत ठिणगी पडली तेव्हा एक खोटं कबूल करायला दुसरं कबूल करावं लागलं असतं. ते गप्प राहिले, आणि एकतीस वर्षं गेली.

"माझे पाय गारठू नयेत म्हणून," आई म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि ती रागावलीही होती.

मेहुण्याने बोल्ट काढले. इस्त्री बाहेर येताच दारांतून गरम हवेचा असा झोत आला की त्याने हात मागे घेतला. तीन दिवस वाट अडवून तीच बसली होती. घड्याळजींनी आयुष्यात पहिल्यांदा एक भाग परत आत न घालता बाजूला ठेवला.

रविवारी ट्रक डोंगर चढू लागला. हीटर उत्तम चालत होता. आईने पाच मिनिटांत तो बंद करायला लावला, फार भाजतं म्हणाली, आणि स्टोव्हवर तापवून फडक्यात गुंडाळलेली इस्त्री दोन पायांमध्ये घेऊन निवांत बसली.

मावशीचं घर दिसू लागलं तसं घड्याळजींनी भीत भीत विचारलं, "आई, मावशीला काय सांगायचं?"

आईने पदर सारखा केला.

"सांग, इस्त्री सापडली. आणि म्हणावं, मी तिला माफ केलंय."