'हामानागी'ची मागची तोफ

कुरे बंदरात गुन्हेगारांना सुखाची झोप लागत नाही, आणि त्याचं कारण मी आहे. मी गेंजिरो तात्सुमी: खासगी गुप्तहेर, डागांचा गाढा अभ्यासक आणि फावल्या वेळात 'तात्सुमी लाँड्री'चा मालक. ही क्रमवारी माझी. आमच्या मंडळींच्या मते लाँड्री हा धंदा आणि बाकीचं दुखणं. नौसैनिकांचे पांढरे गणवेश धुण्यात माझा जन्म गेला. कॉलरवरचा डाग बघून माणूस काल काय जेवला, कुणाबरोबर जेवला आणि घरी येऊन काय थाप मारली, हे मी सांगू शकतो. गुन्हेगारांच्या झोपेबद्दल नोबुएचं म्हणणं असं, की तुमच्या घोरण्याने अख्ख्या गल्लीला झोप लागत नाही, त्यात गुन्हेगारही आलेच. नोबुए माझी बायको आणि सहायक आहे. पगार मागत नाही, म्हणून मी तिला कामावर ठेवलंय.

त्या गुरुवारी निशिगोरीसान हातात कपडे न घेता दुकानात शिरले, तेव्हाच मी ताडलं की मामला गंभीर आहे. नोबुएने मात्र धुवायला दिलेला सूट शनिवारी मिळेल म्हणून सांगून टाकलं. निशिगोरीसान 'हामानागी' या विनाशिकेवरचे निवृत्त तोफची. ती बोट यंदा भंगारात निघाली. शनिवारी संध्याकाळी तिच्यावरचे जुने खलाशी शेवटचे जमणार होते. त्यांच्यापुढे ठेवायला निशिगोरीसान वर्षभर तिची प्लास्टिकची प्रतिकृती जुळवत होते, जेमतेम वीतभर लांबीची. केसाएवढे कठडे चिमट्याने चिकटवताना त्यांच्या नाकी नऊ आले होते. सगळं झालं, आणि मागची पांढऱ्या घुमटाची तोफ गायब झाली. रविवारी रंगवून, नळी चिकटवायच्या आधी, टूथपिकच्या टोकावर सुकत लावली होती. सोमवारी बघतात तर काडी जागेवर, तोफ नाही. कंपनीकडून सुटा भाग मागवावा तर यायला महिना लागणार.

मी म्हटलं, पुढची तोफ आहे ना, मग एकीवाचून काय अडतं?

"पुढची दुसऱ्याची," ते म्हणाले. "मागच्या तोफेपाशी मी असायचो. ती नसेल तर त्या बोटीवर मी नव्हतोच की हो."

बोटीचे कप्तान मुराओका थकलेत, पुढच्या वर्षी असतील-नसतील, हेही ते हळूच बोलले. मला गलबलून आलं. गुप्तहेराला ते शोभत नाही, म्हणून मी घाईघाईने भिंग पुसायला घेतलं.

पहिला संशय मी निशिगोरींच्या घरच्या व्हॅक्यूम क्लीनरवर घेतला. त्याची पिशवी स्वच्छ चटईवर पालथी केली आणि डोळ्यांत तेल घालून तपासली. तोफ मिळाली नाही, पण निशिगोरीसानांच्या पत्नी तोमिएवहिनींनी माझ्याकडे असं काही पाहिलं, की दुसरा संशय मी त्यांच्यावरच घेणार होतो. त्या म्हणाल्या, मी तोफबीफ काही पाहिली नाही. मग मी शत्रुराष्ट्राच्या हेरांचा विचार केला. नोबुए म्हणाली, ती तोफ प्रतिकृतीच्या खोक्यावर चित्रासकट छापली आहे, हेराने दुकानात जाऊन खोकं बघितलं असतं.

उरले एक, शेजारचे एतोसान. हे पाणबुडीवरून निवृत्त झालेले. पाणबुडीची प्रतिकृती म्हणजे दोन अर्धुकं चिकटवली की झालं, चहा निवायच्या आत संपते. अशा माणसाने वर्षभर शेजारी कठडे चिकटवताना बघायचे, म्हणजे पोटात दुखणारच. त्यात त्यांची पँट माझ्याकडे धुवायला आलेली, आणि गुडघ्यावर पांढरा डाग.

शनिवारी दुपारी मी सगळ्यांना निशिगोरींच्या घरी जमवलं. बोट टेबलावर होती, तिच्यावर रुमाल झाकला होता, जसं काही घरात कुणी गेलंय. मी पँट उंच धरली आणि डाग हा तोफेचा ओला रंग असल्याचं जाहीर केलं. एतोसानांनी डागाचा वास घेतला आणि शांतपणे सांगितलं, की हे मेयोनीज आहे. नोबुए म्हणाली, तिनेही परवाच तसं सांगितलं होतं.

मी पुढचं वाक्य जुळवत होतो, तेवढ्यात निशिगोरींची नात आली, कोयुकी, पहिलीतली. तोमिएवहिनींनी तिला जवळ घेतलं. "बघू गं खिंड. रविवारी इथेच पडला ना तुझा खालचा दात? चटईवर सापडला मला. लगेच छपरावर फेकला, नवा सरळ यावा म्हणून."

"पडला कुठे आजी? नुसता हलतोय." कोयुकीने जिभेने दात हलवून दाखवला.

"मग वहिनी," नोबुएने विचारलं, "तुम्ही छपरावर काय फेकलंत?"

वहिनींच्या तोंडचं पाणी पळालं. "मी काळी, लांब नळीची तोफ शोधत होते हो! पांढरी, दाण्याएवढी असते हे मला कोण सांगणार? वर्षभरात त्या टेबलाजवळ फिरकू दिलंत का मला?" त्या रडायलाच लागल्या. निशिगोरीसान मान खाली घालून म्हणाले, चूक माझीच आहे.

मी शिडी लावून छपरावर चढलो. ज्यांच्यावर आरोप केला ते एतोसानच खाली शिडी धरून उभे होते, त्यामुळे तपास मी जरा आटोपशीर घेतला. पन्हाळीत पालापाचोळा होता आणि बॅडमिंटनचं एक फूल. बुधवारच्या पावसात तोफ वाहून गेली होती. खाली येऊन तसं सांगितलं, तर निशिगोरीसान म्हणाले, असू दे, मी संध्याकाळी जात नाही.

कोयुकी आजोबांकडे बघत होती. तिने तांदळाची एक कडक बिस्किट-चकती उचलली, कडकन चावली, आणि दात काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. "हा लावा."

"अगं, हा छपरावर जायला हवा. नवा वाकडा आला म्हणजे?"

"छपरावर एक गेलाय ना आधीच," ती म्हणाली.

आजोबांनी दात धुतला, पुसला. खालून सपाट होता, वरून गोल. राहिलेली नळी त्यांनी त्यालाच चिकटवली. चिमट्याने जागेवर बसवताना बोट तोमिएवहिनींनी धरली होती.

संध्याकाळी आम्हीही खलाशांच्या मेळाव्याला गेलो. कप्तान मुराओका चाकाच्या खुर्चीतून आले. बोटीवर नाक टेकवून त्यांनी पुढच्या टोकापासून सुरुवात केली आणि मागच्या तोफेपाशी फार वेळ थांबले.

"निशिगोरी," ते म्हणाले, "तोफ पिवळट दिसतेय. माझ्या वेळेलाही तू ती नीट पुसत नव्हतास."

"आत्ता पुसतो, साहेब." निशिगोरीसान ताठ उभे राहिले. त्यांनी खिशातून रुमाल काढला, पण तो आधी त्यांच्याच डोळ्यांना लावावा लागला.