हिवसाहेबाची मराठी

मराठी शिकवण्यात अख्ख्या मुरुडात माझा हात धरणारं कुणी नाही, हे आधीच सांगून ठेवते! शाळेची पायरी मी चढले नाही, हे खरं. पुड्यांचे कागद वाचत वाचत अक्षरं शिकले. हिंगाची पुडी सोडली की आधी कागद वाचायचा, मग हिंग डब्यात. अर्धवट फाटलेल्या बातम्या वाचून माझं डोकं इतकं तयार झालं, की कुणाचंही बोलणं मला अर्धंच ऐकून पुरतं! अशा बाईला एक गोरा पाद्री शिकवायला कितीसा जड जाणार?

पाद्रीचं नाव ह्यू. वय कोवळं, मिसरूड सोनेरी, मान बगळ्यासारखी. विलायतेहून आला तो थेट आमच्या कोळीवाड्याच्या टोकाला, मिशनच्या घरात. 'ह्यू' म्हणताना तोंडात काही सापडतच नाही. वाऱ्याची झुळूक आली नि गेली! म्हणून आळीनं त्याचा 'हिवसाहेब' केला. मी त्याचा स्वैपाक करते. मिशननं शिकवायला एक पंडितजी धाडले होते, पण ते आले ऐन बोंबील वाळत घालायच्या दिवसांत. बिचारे नाकाला उपरणं दाबून शिकवायचे. त्यामुळे हिवसाहेबही सगळी अक्षरं नाकातूनच म्हणू लागला! आठवडाभरात पंडितजींनी गाशा गुंडाळला.

मी म्हटलं, "सायेब, घाबरू नको. मी शिकवते."

माझी रीत सोपी. मी बोलायचं, त्यानं तसंच्या तसं म्हणायचं. मी भाकरी थापताना, मासळी निवडताना, ओट्यावर बायकांत बसले असताना तो आपला मागे मागे. पोपट काय बोलेल असं बोलायला लागला! पहिल्यांदा दारात उभा राहून "मी आली!" म्हणाला, तेव्हा आम्ही बायका हसून हसून लोळलो. ठमी म्हणून माझी शेजारीण आहे, मासळीबाजारात तिच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नाही. ती म्हणाली, "अगो राही, ऱ्हाऊ दे त्याला. त्यांच्यात तशीच रीत असंल!" मग कानाला सवयच झाली. 'मी जेवली, मी न्हाली, मी दमली.' पुढे पुढे तर 'मी आलो' म्हणणारा घरचा माणूसच कानाला खडबडीत लागायला लागला.

एकदा त्यानं विचारलं, "राहीबाय, 'मेल्या' म्हंजे काय?"

आता काय सांगू? मी दिवसातून शंभरदा त्यालाच म्हणते, जेव मेल्या, किती सुकलास मेल्या. म्हटलं, "जीव लागला ना कुनावर, की म्हंतात तसं."

त्यानं मान हलवली. ती मान हलली तिथंच माझं नशीब हललं!

एके दिवशी हिवसाहेब पडलेल्या चेहऱ्यानं आला. "राहीबाय, थोरले पाद्री येणार. माझी मराठीची परीक्षा घेणार. नापास झाली तर मला घाटावर पाठवणार. पंडितांकडे."

माझ्या हातातली पळी तशीच राहिली. या मिशनची सगळी सूत्रं आता थोरल्या पाद्रींकडे. स्वराज्य आल्यापासून गोऱ्या पाद्रीचा वरचा साहेब आपला नगरचा माणूस! नाव रेव्हरंड दत्तात्रेय ओहोळ. लोक म्हणत, माणूस एवढा कडक की त्यांच्यासमोर आजारी माणूसही ताठ बसतो. आणि हे कोकरू घाटावर जाणार? तिथं त्याला कोण विचारणार, पोट भरलं का म्हणून? माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते मी कांद्यावर ढकललं.

"नापास कसा होशील?" मी म्हटलं. "तू माझा चेला हायस!"

थोरले पाद्री श्रीवर्धनहून दिघीला आणि तिथून होडीनं आगरदांड्याला यायचे होते. हिवसाहेब, मी आणि ठमी टांगा करून धक्क्यावर गेलो. नेमकी ओहोटी! होडी लांबच चिखलात रुतली. पांढरं धोतर, काळा बंद गळ्याचा कोट, अशा थाटात थोरले पाद्री उतरले आणि पहिल्याच पावलाला गुडघ्यापर्यंत आत गेले. दुसरा पाय उचलायला गेले, तर ते पूर्ण तिरपे झाले!

हिवसाहेब बाण सुटावा तसा धावला. आणि सगळा धक्का ऐकेल असा ओरडला, "अगो बाय माझी! पडशील ना मेल्या! हात दे, हात दे!"

धक्क्यावरच्या माणसांनी माना वळवल्या. कावळेसुद्धा उडाले.

थोरले पाद्री चिखलातून म्हणाले, "काय म्हणालात?"

हिवसाहेब आनंदानं म्हणाला, "मेल्या म्हणाली!"

ठमी माझ्या कानात म्हणाली, "राही, टांगा मागं फिरवू?"

घरी पाय धुऊन थोरले पाद्री जेवायला बसले. मी सुरमई वाढत होते, पण डोळे हिवसाहेबाच्या तोंडाकडे, त्यामुळे कालवण ताटात कमी आणि टेबलावर जास्त. आमचे हे पाणी भरून आणून दाराशी उभे.

थोरल्या पाद्रींनी परीक्षा सुरू केली. "सांगा बरं, तुम्ही रोज सकाळी काय करता?"

माझा जीव भांड्यात पडला. हा धडा त्याचा तोंडपाठ! पण धडा कुणाचा पाठ करून घेतलाय, हे मला त्या क्षणी आठवलं. आठवून उपयोग काय, गाडी सुटली होती!

हिवसाहेब हात बांधून खणखणीत म्हणाला, "मी पहाटे उठते. चूल पेटवते. केस विंचरते, अंबाडा घालते. मग नवऱ्याला उठवते."

थोरल्या पाद्रींचा घास हवेत थांबला. "नवऱ्याला?"

"व्हय. उठत न्हाय मेला. लई आळशी हाय!"

दाराशी कळशी आपटल्याचा आवाज झाला. आमचे हे माझ्याकडे बघत होते. म्हणजे परीक्षा एकाची नि निकाल दोघांचा!

"बाई," थोरले पाद्री हळूच म्हणाले, "यांना मराठी शिकवली कोणी?"

मी तोंड उघडायच्या आत ठमीनं माझ्याकडे बोट केलं. "हिनं! मी नुसती ऐकायला असायची."

शेवटची संधी म्हणून संध्याकाळी प्रवचन ठरलं. कोळीवाड्यातल्या बायका अंगणात जमल्या. हिवसाहेबानं आधी प्रार्थनेला हात जोडले. हा आता देवाला काय म्हणतोय, या भीतीनं मी डोळे घट्ट मिटून घेतले. थोरल्या पाद्रींना वाटलं, भक्ती!

मग त्यानं गोष्ट सुरू केली. येशू होडीत झोपलाय आणि समुद्रात तुफान सुटलंय. ती गोष्ट त्यानं अशी सांगितली, की जाळं, शीड, वल्हं सगळं डोळ्यांपुढे! बायकांनी एकमेकींचे हात धरले. ज्यांची माणसं त्या दिवशी दर्यावर होती, त्या उठून समुद्राकडे बघून आल्या. आणि चेल्यांनी येशूला हलवून उठवलं, तेव्हा हिवसाहेब अगदी रडवेला होऊन म्हणाला, "उठ रं मेल्या! आमी बुडतो नि तू निजलास?"

ठमीनं पदर डोळ्यांना लावला. ठमी! जी गिऱ्हाइकाला रडवते!

मी भीत भीत थोरल्या पाद्रींकडे बघितलं. त्यांनी तोंडावर रुमाल धरला होता. खांदे हलत होते. हसतायत की रडतायत, काही कळेना. सगळे गेल्यावर ते ओट्यावर टेकले.

"राहीबाई, मला सगळे रेव्हरंड म्हणतात. घरातसुद्धा. आई गेल्यापासून मला कुणी 'मेल्या' म्हणालंच नव्हतं हो. आज चिखलात उभा होतो, आणि वाटलं, आईच ओरडली."

मी हात जोडले. "म्हंजे पास ना, सायेब?"

त्यांनी घसा खाकरला, कोट सारखा केला. "छे, छे! साफ नापास!"

हिवसाहेबाची मान खाली गेली.

"पण घाटावर जायचं कारण नाही," थोरले पाद्री म्हणाले. "भाषा जिवंत आहे, फक्त पुरुषाची करून घ्यायला हवी. ते कळशीवाले गृहस्थ कोण? तुमचे यजमान ना? एक वर्ष यांनी शिकवायचं. पुढच्या साली मी पुन्हा परीक्षेला येईन."

पोरगा राहिला! मी आनंदानं त्या दिवशी दुप्पट भात लावला. दुसऱ्या सकाळपासून आमचे हे त्याला रोज होडीवर घेऊन जायला लागले.

आता वर्ष भरत आलंय. थोरले पाद्री पुढच्या आठवड्यात येतायत. हिवसाहेब 'मी आलो', 'मी गेलो' अगदी चोख म्हणतो, त्यात मला नाव ठेवायला जागा नाही. पण होडीवर जाळं अडकलं की पुरुष काय काय बोलतात, हे मला कुठं ठाऊक? 'आलो' आणि 'गेलो'च्या मधे तो जे शब्द घालतो, ते ऐकून परवा ठमीनं दोन्ही कानांवर हात ठेवले.

मी त्या पंडितजींचा पत्ता शोधते आहे.