मिक्सरचा डेमो आणि माझा उजवा खांदा

माणसाला बोलता आलं पाहिजे, मग तो खाडीकाठी मीठसुद्धा विकेल! हे माझं ठाम मत. चौऱ्याण्णव साली मी पेणच्या एका एजन्सीत मिक्सर विकायला लागलो, तेव्हा मुंबईला तीन दिवसांचं ट्रेनिंग झालं होतं. लोकांच्या डोळ्यांत बघून बोला. मध्येच कुणी टोकलं तर हसून पुढे जा. आणि प्रश्न असे विचारा, की समोरचा 'हो'च म्हणेल. तीनदा 'हो' म्हणाला, की वस्तू खपलीच! रोह्याला परतलो तो थेट वक्ता होऊनच. रोह्याजवळच्या वरसे गावातल्या आमच्या दोन खोल्यांत आरशासमोर भाषण घोकायचो.

"घरात कधी मिक्सरचं बटण तरी दाबलंय का?" बायको, किमया, विचारायची. मी हसून पुढे जायचो.

आमच्या शेठचं नाव पोपट. पण बोलणं महिन्याकाठी दोन वाक्यं. त्यातलं एक त्यांनी माझ्यावर खर्च केलं. "सखा, महिनाअखेर पाच मिक्सर खपले तर कायम, नाहीतर राम राम."

महिना संपत आला आणि खपले होते शून्य! तेवढ्यात कळलं, धरमतरजवळच्या एका गावात ठमाबाईच्या लेकीची, शांतीची हळद आहे. सारं गाव जेवायला, म्हणजे साऱ्या बायका सकाळपासून अंगणात वाटण वाटायला. आयते श्रोते! आदल्या दिवशीच जाऊन मी छातीठोक सांगून आलो, "उद्या एकाही बाईनं पाट्याला हात लावायचा नाही! सगळं वाटण आमचा मिक्सर करणार!"

"शबूद?" ठमाबाईनं विचारलं. उभा जन्म मिठागरावर गेलेली बाई. आवाज असा, की तीन बांधांपलीकडचा माणूस दचकावा.

"शब्द!"

शुक्रवारी सकाळी दहाला मी टाय बांधून हजर. ओटीवर टेबल, टेबलावर मिक्सर. अंगणात पन्नास बायका, पुढ्यात भाजलेलं खोबरं, कांदे, मिरच्या परातीच्या पराती भरून. मागे खुर्चीवर हाताची घडी घालून शेठ.

"भगिनींनो! वाटून वाटून तुमचे खांदे दुखतात की नाही?"

"नाय!" पन्नास आवाज!

"बरं, कंबर?"

"नाय!" पुढे बसलेल्या गिरजाबाईनं पदर सावरत सांगितलं. आता परक्या पुरुषासमोर कुठली बाई कंबर दुखते म्हणून सांगेल? पण हे ट्रेनिंगमध्ये नव्हतं.

"वेळ वाचलेला तर हवाय ना?"

"कशाला? मोकली दिसले तर दुसऱ्या कामाला लावतील!"

माझ्या तीन 'हो'चे तीन 'नाय' झाले. शेठनी खुर्ची जरा मागे सरकवली. मी घाईनं मोटर, पाती, गॅरंटी या मुद्द्यांवर घसरलो.

"पोरा, आधी फिरव, मंग बोल!" ठमाबाई म्हणाली.

मी हसून पुढे गेलो. दहा मिनिटांनी ती पुन्हा म्हणाली. मी पुन्हा हसलो. तिसऱ्यांदा तर ती ओरडलीच. मी अख्खी बत्तिशी दाखवली! शेवटी सातवा मुद्दा संपवून ऐटीत बटण दाबलं.

मिक्सर गप्प! शेठपेक्षाही गप्प!

"शुकरवारी अकराला लाइट जाते रं!" ठमाबाई कडाडली. "म्हनून तर बोंबलत होते!"

"येते कधी?"

"दिवेलागनीला."

गिरजाबाई उठली. "पाटं काढा गो!"

"थांब! यानं शबूद दिलाय. एकाही बाईनं पाट्याला हात लावायचा नाय."

"मग वाटायचं कुनी?"

ठमाबाईनं माझ्याकडे बोट केलं. "हा बाई हाय का?"

पुढच्या पाचव्या मिनिटाला मी पाट्यापुढे उकिडवा! टाय वाटणात, वाटण डोळ्यांत. बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. नवरीचं सोडून माझंच व्हिडिओ शूटिंग करायला हवं होतं. पंधरा मिनिटांत लिंबाएवढा गोळा निघाला आणि मी कळवळलो, "आई गं! रोज कसं करता हो तुम्ही हे? माझा खांदा गेला!"

हसणं थांबलं.

"दुखतो व्हय?" गिरजाबाईनं हळूच विचारलं.

"मरणाचा!"

"माजा वीस वरसं दुखतोय."

"माजा तर येनी घालायला वर जात नाय," दुसरी म्हणाली. मग कुणाची कंबर, कुणाचं मनगट! तासाभरापूर्वीचे सगळे 'नाय' एकेक करून 'व्हय' व्हायला लागले. मला खरंच वाईट वाटलं. मांडवाचा खांब धरून उभा असलेला ठमाबाईचा नवरा कान्हू बायकोकडे बघतच राहिला.

"तू कवा बोल्ली नाय?"

"तू कवा इचारलंस?"

कान्हूनं खांब सोडला, माझ्यापाशी आला. "माजा एक मिक्सर लिव्ह."

त्याच्यामागून गिरजाबाईचा नवरा गुणाजी, त्याच्यामागून आणखी. अकरा मिक्सर! दरम्यान बायकांनी मला शब्दातून मोकळं करून पाट्यावरून उठवलं. "सरक! तुज्या हातानं आज हळद आटपायची नाय!" दीड तासात सगळं वाटण तयार.

परतताना शेठनी महिन्याचं दुसरं वाक्य उच्चारलं. "पुढच्या डेमोला मिक्सर राहिला तरी चालेल, पाटा विसरू नको."

मी कायम झालो. वर बक्षीस म्हणून एक मिक्सर मिळाला. घरी येऊन किमयाला सगळी हकीकत रंगवून सांगितली, हीच माझी चूक! तिनं सगळं ऐकलं, मिक्सर पुसून माळ्यावर ठेवला आणि शेजारणीकडून पाटा-वरवंटा मागून आणला.

आज रविवार. मटण आणलंय, वाटण माझ्याकडे आहे. खांदा दुखतो का, म्हणता? किमया इथेच उभी आहे हो! नाय!