सोलर सेलला फोडणी

तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन यंदा आमच्या शाळेत भरणार म्हटल्यावर पहिला नंबर माझाच, हे मी अख्ख्या वर्गाला सांगून टाकलं! उगाच नाही. बाकीचे थर्माकोलचा ज्वालामुखी रंगवत बसले होते आणि मी घेतला होता पेरोव्स्काइट सोलर सेल. नाव घेतानाच परीक्षकाची जीभ लचकावी असा विषय!

शिवाय बाबांनी बजावलंच होतं, "तृप्ती, नंबर आला तं दहावीनंतर भंडाऱ्याले सायन्स. नाही आला तं गावातच आर्ट, चूपचाप!"

माझा भाऊ अश्वजित गणितात काठावर पास झाला. तो भंडाऱ्याला सायन्सच शिकतो. त्याला कुणी नंबर मागितला नव्हता. असो!

तर हा सेल म्हणजे काचेवर पेरोव्स्काइटच्या शाईचा, उन्हातून वीज करणारा पातळ थर. प्रयोगशाळेत काच भोवऱ्यासारखी गरगर फिरवून तिच्यावर शाईचे थेंब सोडतात. थर झकास बसतो, पण काच पोस्टाच्या तिकिटाएवढी आणि बहुतेक शाई उडून वाया! अख्खी छपरं झाकायची तर कारखान्यात हे कसं चालेल? तिथे शाई ओतायची, सरळ पात्याने एका दमात ओढायची आणि मागोमाग हवा मारून वाळवायची. अगदी अंगण सारवल्यासारखं! मी तेच करून दाखवणार होते.

खऱ्या शाईत शिसं असतं, म्हणून आमच्या विज्ञानाच्या वीरेंद्र सरांनी ती आणायला मनाई केली. मग मी तांदळाचा मांड, थोडं बेसन आणि हळद घोटून तशीच पिवळी शाई बनवली. मांड गार झाला की थिजतो, म्हणून शाईचा गंज, म्हणजे पातेलंच, नेऊन ठेवला शाळेच्या स्वयंपाकघरात, चुलीच्या कडेला.

"रुखमिणी मावशी, हे गरम राहू द्या जी."

पाहुण्यांचा स्वयंपाक करता करता मावशी म्हणाल्या, "ठेव नं माय."

पण आमच्याकडे पाहुण्याला आधी जेवू घालतात, काम मागून! मावशी पानं मांडायला गेल्या आणि मुख्याध्यापिका सत्यभामाबाई मॅडम स्वतः स्वयंपाकघरात शिरल्या. समोर दिसेल त्या गंजात पळी बुडवली, चाखली आणि कपाळावर हात मारला.

"अळणी! या रुखमिणीच्या हाताले काही चवच नाही!"

मी दारात पोचले तेव्हा चर्रर्र आवाज आला. माझ्या सोलर सेलवर जिरं तडतडत होतं, मिरच्या नाचत होत्या!

"मॅडम, ती शाई..."

"सरक बाजूले! पाहुणे पानावर बसून राहिले!"

परीक्षक चंद्रकुमार सरांनी पहिला भुरका मारला आणि डोळेच मिटले. "वा! कढी असावी तं अशी!" दुसरी वाटी घेतली. तिसरी घेतली. प्रत्येक वाटीसरशी माझं भंडारा एकेक गाव मागे सरकत होतं! मी तोंड उघडलं की मॅडम डोळे वटारायच्या.

"पोरी, पाहुण्यांच्या जेवणात मधात बोलू नाही!"

गंज खडखडीत रिकामा झाला. तेवढ्यात स्वयंपाकघरातून मावशी ओरडल्या, "आं! मंग माही कढी काहून तशीच आहे?"

माझं डोकं चाललं. पिवळी ती पिवळी! मी मावशींची कढी उचलली आणि माझ्या टेबलाकडे धूम ठोकली.

परीक्षक ढेकर देत आले. मी काचेवर कढी ओतली, पातं ओढलं. पात्याखाली अडकलं कढीपत्त्याचं पान, आणि काचेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत नांगराचं तास! हेअर ड्रायर सुरू केला तर शिंतोडे थेट चंद्रकुमार सरांच्या मिशीवर. त्यांनी सवयीने मिशी चाटली.

"पोरी, हे तं कढी होय!"

"हो सर."

"अन् शाई कोठी आहे?"

"ती... तुमच्या पोटात आहे, सर."

सरांची नजर माझ्या तक्त्यावर गेली. तिथे मीच, लाल टपोऱ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'खऱ्या शाईत शिसे असते. विषारी!'

"मेलो!" सर खाली बसले.

"सर, ही खोटी शाई आहे! नुसता मांड आहे, मांड!"

पण पोरीचं ऐकतं कोण? माझे बाबा माझा नंबर बघायला आले होते. त्यांच्याच छोट्या हत्ती टेम्पोत सरांना आडवं घातलं आणि गाडी साकोलीच्या दवाखान्याकडे पिटाळली. रस्ताभर सर कण्हत होते म्हणे, "वाचत नाही मी... पण चव होती बरं!" डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि सांगितलं, जेवण जास्त झालंय.

उरलेल्या परीक्षकांनी नंबर ज्वालामुखीला दिला. त्यातून धूरसुद्धा निघाला नव्हता.

संध्याकाळी बाबा घरी आले. रागावले असते तरी चाललं असतं! ते तर खुशीत होते.

"मंग ठरलं, आर्ट. पण ते सर म्हणत होते, लय चव आहे म्हणते तुह्या हाताले! कर बरं आज तेच."

मीठ आणि फोडणी मॅडमची होती, हे मी तीनदा सांगितलं. शेवटी मुकाट्याने मांड काढला, बेसन कालवलं, हळद टाकली, माझं मीठ घातलं, माझी फोडणी दिली.

बाबांनी एक भुरका मारला आणि वाटी बाजूला सरकवली.

"हेही नाही जमत तुले!"